मन्याडकाठची सायकलवाट

नांदेड जिल्ह्यातल्या कंधारला सापडलेल्या राष्ट्रकूटकालीन शिलालेखात लढायांपेक्षा खर्चाची व्यवस्था जास्त आहे. कालप्रिय, बंकेश्वर, तुंबेश्वर अशा देवळांची नावं येतात, क्षेत्रपाल येतो, आणि त्यांच्या जोडीला अन्नछत्र आणि पाणपोईची सोय येते. हा काळ तिसऱ्या कृष्णाचा, म्हणजे दहाव्या शतकाचा. मन्याड नदीकाठच्या या गावात कुणीतरी वाटसरू येणार, तो तहानलेला असणार, त्याला दोन घास लागणार, हे धरून तेव्हा दानं लावून दिलेली होती. आज सायकलवर टांग मारून लोह्याहून कंधारकडे निघालेल्या माणसाला रस्त्यात सगळ्यात आधी आठवते ती हीच पाणपोई.

वाटसरूसाठी आखलेल्या वाटेचं एक आजचं उदाहरण परदेशात आहे. इटलीतल्या उंब्रिया प्रांतात स्पोलेतो ते असिसी अशी सुमारे ५० किलोमीटरची सायकलवाट आहे. सपाट खोरं, बाजूला पाण्याचे पाट आणि छोट्या नद्या, टेकड्यांवर दगडी गावं. वाटेत क्लितुन्नो नदीच्या झऱ्यांजवळ एक एवढंसं चर्च लागतं. ते देवळासारखं दिसतं, कारण ते बांधताना रोमन काळातले खांब पुन्हा वापरले. २०११ साली युनेस्कोने लोंबार्ड काळातल्या वास्तूंच्या यादीत त्याचा समावेश केला. या झऱ्यांचं वर्णन धाकट्या प्लिनीने पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या सुमारास एका पत्रात केलं होतं. वाटेच्या शेवटी संत फ्रान्सिसची बॅसिलिका. तिचं काम १२२८ मध्ये सुरू झालं. जगभरातून लोक इथे सायकली घेऊन येतात. हे वाचताना मराठवाड्याच्या माणसाच्या मनात हेवा येतो. पण नकाशा जरा नीट पाहिला तर हेव्यापेक्षा चीड जास्त येते. कारण नदी, जुनी देवळं, तलाव आणि जत्रा हे सगळं आपल्याकडेही एकाच खोऱ्यात ओळीने मांडलेलं आहे.

मन्याड बालाघाटच्या डोंगराळ भागातून येते. सरकारी कागदांत तिचं नाव मानार. लातूर जिल्ह्यातल्या अहमदपूरच्या बाजूने ती लोहा तालुक्यात उतरते. लिंबोटीला तिच्यावर ऊर्ध्व मानार धरण, कंधारच्या पुढे बारूळला निम्न मानार. पुढे ती मांजरेला मिळते आणि मांजरा गोदावरीला. इथे तशी सायकलवाट आखायची तर याच पाण्याच्या मागे जावं लागेल. नांदेड-लातूर महामार्गावर ती आखू नये. त्या रस्त्यावर ट्रकच्या वाऱ्याने सायकल हलते. देवळं पाहायची सोडून माणूस आरशात पाहत बसतो.

लोह्याहून पहिला टप्पा माळेगावचा. दोघांमधला रस्ता महामार्गाचाच, म्हणून तेवढं अंतर पहाटे उरकावं. इथल्या खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात भरते, आणि घोडे, गाढवं, उंट यांच्या बाजारासाठी ती लांबवर ओळखली जाते. यात्रेच्या दिवसांत सायकल घेऊन आत शिरायचं धाडस करू नये, पण यात्रा संपल्यावरही रिकामं मैदान पाहण्यासारखं असतं. खुंट्यांची भोकं, विझलेल्या चुली, वाऱ्यावर उडणारा कडबा. माळेगावपासून लिंबोटीचं पाणी जवळ. ऑक्टोबरनंतर आकाश निवळलं की धरणाच्या कडेने तूर फुललेली असते, हरभरा वर येत असतो, आणि हुरड्याच्या दिवसांत गेलात तर रस्त्यावरचा धूर लांबून दिसतो. पावसाळ्यात मात्र येऊ नये. इथली काळी माती सायकलच्या चाकाला अशी धरते की मडगार्ड काढून हातात घ्यावं लागतं.

खरा मुक्काम कंधार. राष्ट्रकूटांच्या बिरुदांत लत्तलूरचं, म्हणजे आजच्या लातूरचं नाव येतं. कंधारपूरचे अधिपती असंही ते स्वतःला म्हणवत. या दोन गावांमधला प्रदेश म्हणजे त्यांचं घर. जगत्तुंग हे त्याच घराण्यातलं बिरुद, आणि ते नाव कंधारच्या तलावाला आजही आहे. शहराला लागूनच क्षेत्रपालाच्या प्रचंड मूर्तीचे तुकडे पडलेले. पावलाचा भाग पाहिला तरी पूर्ण मूर्ती किती उंच असेल याचा हिशेब डोक्यात बसत नाही. एवढी मूर्ती घडवणाऱ्या गावाकडे पैसा होता आणि पाणीही होतं. दोन्हींचा पुरावा तलावात आणि शिलालेखात आहे.

किल्ला भुईकोट, भोवती खंदक. राष्ट्रकूटांपासून पुढे बहमनी, निजामशाही, मोगल आणि शेवटी हैदराबादचे निजाम अशा सगळ्यांचे हात त्याला लागले. किल्ल्यात जमवून ठेवलेल्या शिल्पांत जैन मूर्तीही आहेत. १६३१ च्या मे महिन्यात शाहजहानच्या फौजेने, नसीरी खानाच्या हाताखाली, हा किल्ला घेतला. त्या वेढ्याचं चित्र 'पादशाहनामा'च्या सचित्र हस्तलिखितात आहे. चित्रकार पयाग. सुरुंगांचा धूर, दूरवर तटबंदी. ते हस्तलिखित अवधच्या नवाबाकडून इंग्लंडच्या राजाकडे गेलं आणि आज विंडसर कॅसलमध्ये आहे. चित्राचं नाव वाचून अफगाणिस्तानचं कंदाहार समजणारे पुष्कळ. कंधारच्या किल्ल्याच्या दारात त्या चित्राची मोठी प्रत लावायला किती खर्च येईल? एका फ्लेक्सइतका. आणि फ्लेक्सची तर आपल्याकडे कधीच टंचाई नसते.

कंधारमध्ये हाजी सय्याह सरवर मखदूम यांचा दर्गा आहे. किल्ला, दर्गा, तलाव आणि क्षेत्रपाल एका दुपारी पायी फिरण्याइतके जवळ. मन्याड खोऱ्याची ओळख अलीकडच्या काळात पक्की केली ती शेतकरी कामगार पक्षाचे केशवराव धोंडगे यांनी. मन्याडचा वाघ अशी त्यांची ओळख. १ जानेवारी २०२३ रोजी ते गेले. कंधारजवळ गुराखीगड उभारून त्यांनी गुराख्यांचं साहित्य संमेलन भरवलं. नदीकाठच्या कोणत्या वाटेने चाक जाईल आणि कोणती ओढ्यात संपेल, हे गुराख्याइतकं कुणाला ठाऊक असणार? सायकलवाट आखणाऱ्यांनी अभियंत्याच्या आधी त्याला विचारावं.

बारूळच्या पाण्यावरून पुढे मुखेड. तिथलं दशरथेश्वर मंदिर चालुक्य काळातलं, आणि त्याच्या भिंतीवरच्या सुरसुंदरी संध्याकाळच्या तिरप्या उन्हात पाहाव्यात. मुखेड तालुक्याबद्दल नदीकाठच्या सौंदर्याच्या भरात एक गोष्ट विसरू नये. ऑगस्ट २०२५ च्या पुरात हसनाळ, रावणगाव या भागात लेंडी नदीचं पाणी घरांत शिरलं, माणसं गेली, जनावरं वाहून गेली. इथल्या नद्या वर्षातले आठ महिने शेळीसारख्या असतात. उरलेल्या चारांचा भरवसा धरता येत नाही.

देगलूर तालुक्यातलं होट्टल हे या वाटेचं टोक. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातली सिद्धेश्वर आणि इतर मंदिरं. नांदेडचे इतिहास अभ्यासक डॉ. प्रभाकर देव यांनी मराठवाड्यातल्या मंदिरांवर आयुष्यभर काम केलं, त्यात होट्टल येतंच. २०२४ मध्ये जतनाचं काम चालू असताना इथे मातीखाली एका शिवमंदिराचा पाया आणि तीन शिलालेख मिळाले. इसवी सन १०७० च्या सुमारास मंदिरांना दान देणाऱ्यांचा त्यात उल्लेख आहे.

इथे असिसी पुन्हा आठवते. २६ सप्टेंबर १९९७ च्या भूकंपात तिथल्या बॅसिलिकेचं छत कोसळलं, आत चार माणसं मेली, भित्तिचित्रांचे हजारो तुकडे झाले. ते तुकडे वेचून, जुळवून १९९९ मध्ये बॅसिलिका पुन्हा उघडली. त्या भूकंपाच्या चारच वर्षं आधी, ३० सप्टेंबर १९९३ ला, किल्लारीने आपल्याला भूकंप दाखवला होता. सुमारे दहा हजार माणसं गेल्यावर देवळांचे दगड मोजायला बसणं शक्यच नव्हतं, ते बरोबरच होतं. पण आता तीस वर्षं उलटून गेली. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतल्या प्रत्येक जुन्या मंदिराच्या दगडांची नोंद व्हायला हवी होती. होट्टलला ढिगारा उपसल्यावर शिलालेख निघतात, म्हणजे काम नुकतंच सुरू झालंय.

लातूरकडून येणाऱ्यांना निलंग्याचं नीलकंठेश्वर, खरोशाची लेणी, औसा आणि उदगीरचे किल्ले आहेत, पण त्यांची वाट वेगळी, ती वेगळी आखावी.

या वाटेसाठी कोट्यवधींचा प्रकल्प नको. मैलाच्या दगडांवर ठिकाणांची नावं, किल्ल्याच्या दारात शिलालेखाचा मराठी अर्थ, शाळांच्या आवारात सायकलस्वारांना रात्री टेकायची परवानगी आणि दर काही मैलांवर पाणी, एवढ्याने सुरुवात होते. जिल्हा नियोजनात हा विषय मांडायला लोहा-कंधारच्या शाळा-कॉलेजांतल्या शिक्षकांनी पुढाकार घ्यावा. त्यांच्याकडे मुलं आहेत आणि मुलांकडे सायकली आहेत. तोवर जाणार असाल तर माळेगावच्या यात्रेचे दिवस टाळून डिसेंबरात जा, पंक्चरचं सामान आणि जादा ट्यूब बरोबर घ्या, आणि कंधारला एक पूर्ण दिवस ठेवा.