महासाथीत हरवलेले बालक्षयरुग्ण

लहान मुलाला क्षयरोग बहुधा घरातल्या मोठ्या माणसाकडून होतो, आणि तो सापडतोही त्या माणसामुळेच. आजोबांना किंवा आईला क्षय असल्याचे कळले की आरोग्यसेवक घरी येऊन पोरांनाही तपासतात. आजार नसलेल्या पाच वर्षांखालच्या मुलांना प्रतिबंधक म्हणून आयसोनियाझिड सहा महिने देण्याची पद्धत आहे. २०२० मध्ये कोविड आला आणि मोठ्यांचेच निदान होईना, तिथे मुलांपर्यंत कोण पोहोचणार?

भारतात २०१९ मध्ये सुमारे २४ लाख क्षयरुग्णांची नोंद झाली होती. २०२० मध्ये ती १८ लाखांवर आली. जगभरात १५ वर्षांखालच्या रुग्णांची नोंद याच काळात सव्वापाच लाखांवरून चार लाखांच्या आसपास घसरली. टक्केवारीत ही घट जगातल्या एकूण रुग्णांमधल्या घटीपेक्षा मोठी होती. रोग ओसरला म्हणून आकडा उतरला, असे मानायला जागा नाही.

टाळेबंदीत दवाखाना गाठणे अवघड झाले होते. आशाताई कोविडच्या सर्वेक्षणात अडकल्या. क्षयाचे जंतू शोधणारी सीबीनॅट आणि गोव्यातल्या कंपनीची ट्रूनॅट ही यंत्रे कोविडच्या नमुन्यांसाठी वापरली जाऊ लागली. मुलांचे निदान एरवीही किचकटच. त्यांच्या फुप्फुसात जंतू थोडे असतात आणि थुंकी बाहेर न येता गिळली जाते. मग सकाळी उपाशीपोटी नाकातून नळी घालून जठरातला द्राव काढावा लागतो. ते काम रुग्णालयातलेच, आणि त्या वर्षी पालक रुग्णालयाच्या दारात जायलाही धजत नव्हते.

इकडे एका खोलीत खोकणारा माणूस आणि मूल दिवसरात्र एकत्र कोंडले गेले होते. बाहेर मास्क असे, घरात कोण लावणार? शाळेतले शिजवलेले जेवण थांबले, कुपोषणाची भर पडली. मोठ्या माणसात जंतू वर्षानुवर्षे सुप्त राहू शकतो. दोन वर्षांखालच्या बाळात मात्र संसर्गाचा आजार व्हायला अनेकदा वर्षही लागत नाही, आणि तो मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचू शकतो. अशा गंभीर प्रकारांपासून बऱ्याच अंशी वाचवणारी बीसीजी जन्मतःच मिळायला हवी, पण लसीकरणाची सत्रेही काही काळ विस्कळीत झाली.

घरात क्षयरुग्ण असेल, किंवा मुलाचा खोकला-ताप दोन आठवड्यांहून अधिक टिकला, वजन वाढेनासे झाले, तर तपासणी लांबवू नये. सरकारी दवाखान्यात ती आणि औषधे मोफत मिळतात.