तबकडी गेली, आवाज टिकेल काय?

निलंगा तालुका कर्नाटकाच्या सीमेला लागून आहे आणि येथील बोलीत त्या शेजाराचा नाद मिसळलेला आहे. ह्या बोलीतील भजने, भारुडे व जात्यावरच्या ओव्या यांपैकी जे काही मुद्रित झाले असेल ते बव्हंशी घरगुती कॅसेटींत आणि पुढे सीडींत. त्या तबकड्यांचे आता काय होणार, हा प्रश्न म्हणूनच केवळ तंत्रज्ञांचा नव्हे.

फिलिप्स व सोनी यांनी सिद्ध केलेली सीडी 1982 साली जपानात विक्रीस आली. ध्वनीची दर सेकंदास 44,100 वेळा घेतलेली मोजमापे अंकरूपाने तिच्यावर कोरलेली असतात व लेसर किरण ती वाचतो. 1984 साली सोनीने ती वाजविणारे खिशाएवढे नव्हे, पण हाती घेऊन हिंडण्याजोगे यंत्र काढले. तथापि धक्का बसताच गाणे अडखळे आणि घरी मुद्रण करण्याची सोय नव्हती. ह्या उणिवा दूर करण्यासाठी 1992 मध्ये त्याच कंपनीची मिनिडिस्क आली. कवचातील ही 64 मिलिमीटरची तबकडी पुनःपुन्हा भरता येई. कानास न जाणवणारे अंश वगळून ध्वनीची माहिती सुमारे एक-पंचमांश केली जाई. जपानात ती रुजली, इतरत्र फारशी नाही. स्वस्त कोऱ्या सीडी आणि एमपी3 यांपुढे ती मागे पडली. 2013 साली सोनीने तिची यंत्रे विकणे थांबविले. 2025 च्या फेब्रुवारीत कोऱ्या तबकड्यांचे उत्पादनही संपविले.

तात्पर्य, कोणतीही तबकडी चिरंजीव नाही. घरी भरलेल्या सीडीवरील रंगद्रव्याचा थर तर ऊन व उष्म्याने बिघडतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हे विसरून चालणार नाही. मात्र कॅसेटची नक्कल काढताना आवाज दर वेळी मळकट होई, तसे अंकांचे होत नाही. नक्कल मुळाबरहुकूम उतरते. जतन करावयाचे ते ह्याच गुणाच्या बळावर.

हे अशक्य नाही. हेमा राईरकर, गी पॉइटवाँ व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांपैकी कित्येक आज ‘परी’च्या संग्रहात गाणारणीच्याच आवाजात ऐकता येतात. निलंग्यातील शाळा, महाविद्यालये व ग्रंथालये यांनी आपल्या परिसरापुरते एवढे करावे: घरोघरच्या कॅसेटी व सीडी मिळवाव्यात, त्या संगणकावर उतरवाव्यात, गाणाऱ्याचे नाव, गाव व साल टिपावे आणि दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात. जुनी यंत्रे चालू आहेत तोवरच हे साधेल.