गच्चीवरच्या सेन्सरचे संदेश कोण गिळतं?

कोथरूडमधली एखादी सोसायटी घ्या. गच्चीवरच्या टाकीत पाण्याची पातळी मोजणारा, झिगबी या बिनतारी पद्धतीचा सेन्सर आहे; तो खाली पंपापाशी असलेल्या रिसीव्हरला आकडे पाठवतो. दुपारी सगळं सुरळीत, संध्याकाळी मात्र निम्मे संदेश पोचतच नाहीत. बॅटरी बदलण्याआधी थोडी मोजणी करावी.

आधी दोन आकडे शेजारी मांडायचे: सिग्नलची ताकद आणि पोचलेल्या संदेशांचं प्रमाण. ताकद उणे ९० डीबीएमच्या आसपास असेल, तर अंतर किंवा मधले स्लॅब नडताहेत. ताकद उणे ६५, म्हणजे चांगली दणदणीत, आणि तरीही संदेश गळताहेत, तर दुसऱ्या कुणाच्या तरी लहरी मध्ये घुसताहेत.

मग आपले सगळे सेन्सर बंद ठेवून रिसीव्हरला नुसतं ऐकायला लावायचं. झिगबीची चॅनल १६, क्रमांक ११ ते २६. प्रत्येकावर हजारो नमुने घ्यायचे. एक नमुना १२८ मायक्रोसेकंदांचा. शांत चॅनलवर आकडा उणे ९५च्या आसपास राहतो.

इथे सरासरी काढली की फसगत होते. शंभरपैकी ९० नमुने उणे ९५ आणि दहा उणे ५५ असले, तर सरासरी येते उणे ९१. कागदावर चॅनल शांतच! पण सेन्सरचा मोठा संदेश हवेत चार मिलिसेकंद राहतो. ते दहा जोरदार नमुने, म्हणजे गोंगाटाचे ठोके, विखुरलेले असले, तर बहुतेक संदेशांना कुठे ना कुठे धक्का लागतोच. म्हणून सरासरीऐवजी नमुन्यांनी ठरावीक पातळी किती वेळा ओलांडली आणि दोन ठोक्यांत किती अंतर होतं, ते मोजायचं.

त्या अंतरावरूनच गोंगाट कुणाचा ते कळतं. वाय-फाय राउटर काही काम नसतानाही साधारण दर १०२ मिलिसेकंदांनी आपली हजेरी देतो. मायक्रोवेव्ह ओव्हन आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर २० मिलिसेकंदांच्या चक्रात जेमतेम अर्धा वेळ बोलतो, उरलेला वेळ गप्प.

हीच अडचण जुन्नर तालुक्यात खोडदजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीला फार मोठ्या प्रमाणावर सोसावी लागते. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची ही दुर्बीण चालवणारी संस्था, एनसीआरए, पुणे विद्यापीठाच्या आवारात आहे. आकाशातून येणारा सिग्नल इतका क्षीण की विजेच्या तारांवरच्या ठिणग्याही त्याला झाकून टाकतात. तिथेही सरासरीवर विसंबत नाहीत. मोठे ठोके सरासरीला आणि चढउताराच्या मापाला स्वतःच वर ओढतात, मग त्यावरून आखलेली मर्यादाही वर सरकते आणि ठोके तिच्याखाली लपतात. मध्यक, म्हणजे क्रमाने लावलेल्या नमुन्यांतला मधला आकडा, मात्र थोड्याशा ठोक्यांनी फारसा हलत नाही. म्हणून मध्यकापासूनच्या विचलनाचाही मध्यक काढून मर्यादा आखतात आणि तिच्याबाहेरचे नमुने निरीक्षण चालू असतानाच निकामी करतात.

सोसायटीत इतकं करायची गरज नाही. वाय-फायची १, ६ आणि ११ ही नेहमीची चॅनल २४७२ मेगाहर्ट्झच्या आसपास संपतात. झिगबीची २५ आणि २६ त्यापलीकडे, २४७५ आणि २४८० वर आहेत. सेन्सर तिकडे हलवून पाहावा. मात्र खात्रीची मोजणी संध्याकाळीच करायची, घरोघरी राउटर आणि ओव्हन चालू असताना. दुपारच्या शांततेत कुठलंही चॅनल पास होतं.