जुना पैसा, नवा पैसा आणि गिगाबाइट

सांगलीच्या गावभागातल्या एका अडत दुकानाच्या वह्या २०१६ साली माझ्याकडे आल्या. १९३० च्या पाडव्यापासून १९५७ च्या दिवाळीपर्यंतच्या, हळद आणि गुळाच्या व्यवहाराच्या. घरच्या मंडळींनी विश्वासाने ते गठ्ठे माझ्या विश्रामबागेतल्या खोलीत आणून ठेवले. सुमारे ३९,००० पाने एकेक करून स्कॅन करायला मला दोन वर्षे लागली. संगणकाने एकूण आकार दाखवला ९६० जीबी. मी एक टेराबाइटची हार्ड डिस्क विकत आणली. हजारातून ९६० गेले, उरले ४०. हिशेब पक्का होता.

शेवटच्या वर्षाच्या वह्यांची नक्कल होत असताना काम मध्येच थांबले. जागा शिल्लक नसल्याचा संदेश आला. यंत्राची काही खोडी असेल असे समजून मी तो बंद केला. मूळ वह्या परत दिल्या आणि पुढच्या कामासाठी संगणक रिकामा केला. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी गावभागात शिरले. वह्यांचा लगदा झाला. तेव्हा मी ती डिस्क पहिल्यांदा नीट तपासली. सुमारे २९ जीबी, म्हणजे हजाराहून जास्त पाने, तिच्यात आलेलीच नव्हती.

चूक कोठे झाली? डिस्क बनवणाऱ्याने फसवले नव्हते आणि संगणकही खोटे बोलला नव्हता. दोघांचा गिगाबाइट वेगळा होता.

बाइट म्हणजे रोमन लिपीतले एक अक्षर मावेल एवढी जागा. संगणकाच्या स्मृतीत असे असंख्य कप्पे असतात आणि ते तारांच्या साहाय्याने ओळखले जातात. एक तार चालू किंवा बंद, अशा दोनच अवस्था दाखवते. त्यामुळे दहा तारांनी दोनाचा दहावा घात, म्हणजे १०२४ कप्पे ओळखता येतात. १०२४ हा आकडा हजाराच्या जवळचा, म्हणून जुन्या तंत्रज्ञांनी त्यालाच ‘किलो’ म्हणायला सुरुवात केली. हार्ड डिस्कच्या फिरत्या तबकडीला मात्र दोनाच्या घाताचे बंधन नाही. तिची क्षमता कारखानदार सरळ दशमान पद्धतीने मोजतात. त्यांचा टेराबाइट म्हणजे एक लाख कोटी बाइट. माझ्या संगणकातली विंडोज प्रणाली १०२४ च्या पटीने मोजते. तिच्या ९६० जीबीचे बाइट होतात एक लाख तीन हजार कोटींहून अधिक. तीच विंडोज एक टेराबाइटच्या डिस्कवर ९३१ जीबी दाखवते. मॅकवर २००९ पासून दशमान मोजणी असल्यामुळे तिथे हीच डिस्क हजार जीबीची दिसते.

किलोबाइटला हा फरक फक्त २.४ टक्के असतो, म्हणून सुरुवातीला कोणाला तो खुपला नाही. पण प्रत्येक पायरीला तो वाढतो: मेगाला ४.९, गिगाला ७.४ आणि टेराला जवळपास १० टक्के. जुन्या १.४४ एमबीच्या फ्लॉपीत तर मेगा म्हणजे १००० गुणिले १०२४, अशी तिसरीच जात होती.

आता हरवलेल्या पानांकडे येतो, कारण हाच गोंधळ त्यांत लिहिलेला होता. आपला जुना रुपया दोनाच्या घाताचा. सोळा आणे, चौसष्ट पैसे. रुपयाचे निम्मे आठ आणे, पाव म्हणजे चार आणे. कितीही वेळा अर्धा करा, चौसष्टाव्या भागापर्यंत पूर्णांकच. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि रुपयाचे शंभर पैसे झाले. चार आण्यांचे बरोबर २५, पण एका आण्याचे सव्वासहा. सरकारी कोष्टकात एका आण्याला ६ आणि तीन आण्यांना १९ असे पूर्णांक ठरवून दिले. माझ्या हातच्या टिपणांत त्या वहीतल्या दोन नोंदी आहेत: एका पानावर तीन आण्यांचे १९ नवे पैसे, दुसऱ्यावर एकेक आणा मोडून १८. त्या पानांचे आता एवढेच शिल्लक आहे.

पण त्या वेळी एक शहाणपण दाखवले गेले. नव्या नाण्याला ‘नया पैसा’ असे वेगळे नाव दिले आणि ‘नया’ हा शब्द १ जून १९६४ पर्यंत ठेवला. जुनी नाणी हातातून जाईपर्यंत रुपयाचा चौसष्टावा भाग आणि शंभरावा भाग नावानेच वेगळे ओळखता येत होते. दुकानाच्या मुनीमानेही १ एप्रिलपासून रकमेपुढे ‘न. पै.’ लिहायला सुरुवात केली होती.

संगणकाच्या क्षेत्रातही हा उपाय झाला. आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने १९९८ साली १०२४ च्या पटींना किबी, मेबी, गिबी अशी नावे दिली. लिनक्सच्या काही प्रणालींत ती दिसतात. विंडोजच्या पडद्यावर मात्र गिबी मोजून जीबी लिहिले जाते, आणि दुकानदार, गिऱ्हाईक, सगळे त्याच एका नावाने बोलतात. दोन मापे आणि नाव एक, हे गोंधळाचे खरे मूळ आहे.

घरची कागदपत्रे, जुनी छायाचित्रे साठवणाऱ्या वाचकांना माझे एवढेच सांगणे. जीबीवर विसंबू नका. फाइलच्या माहितीत पूर्ण बाइटसंख्या दिलेली असते, ती बघा, कारण तिला एकच अर्थ आहे. नक्कल झाल्यावर दोन्हीकडच्या फाइली मोजा. आणि मोजणी जुळल्याशिवाय मूळ प्रत पुसू नका. दिवाळीत वहीपूजन करणारा व्यापारी आधी जुन्या वहीची बाकी जुळवतो. मी त्याच्या वह्यांवर दोन वर्षे काम केले आणि नेमके तेवढेच केले नाही.