काटा खाली आला तेव्हा

"काटा वर गेला होता, पण मग आपोआप खाली आला," शेजारी सांगत होते. "म्हटलं, झाली थंड. लोणावळा चारच किलोमीटर राहिलं होतं."

घाट चढताना तापलेली गाडी आपोआप थंड कशी होईल, हे कोडं डोक्यातून जाईना. म्हणून त्यांची १९९६ ची मर्सिडीज ई-२२० भोसरीच्या गॅरेजात उघडायची ठरली, तेव्हा मीही बरोबर गेलो. गेलो एका दिवसासाठी, पुढे पाच शनिवार जात राहिलो.

गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड. आत ऑइलच्या वासात मिसळलेला एक गोडसर, करपलेल्या पाकासारखा वास होता. "कूलंट जळालंय," मामा म्हणाले. सगळे त्यांना मामाच म्हणतात. त्यांनी ऑइलचं झाकण काढून आमच्यासमोर उलटं धरलं. आतून पिवळट साय चिकटली होती, गार झालेल्या चहावर धरते तशी. ऑइलात पाणी शिरल्याची ही खूण.

कोडंही त्यांनीच सोडवलं. कूलंट दाबाखाली असतं तोवर १२० अंशांनाही उकळत नाही. रेडिएटरचा वरचा होज पाइप जुना होऊन फाटला, तसा दाब गेला, कूलंट उकळलं आणि वाफ होऊन निघून गेलं. तापमानाचा सेन्सर पाण्यात बुडालेला असला तरच खरं बोलतो. पाणीच नाही म्हटल्यावर तो पोकळीत लोंबकळत राहतो आणि काटा खाली येतो.

"काटा खाली आला तो गाडी थंड झाली म्हणून नाही, साहेब. पाणी संपलं म्हणून. त्याच्यावर तुम्ही चार किलोमीटर चालवली."

शेजारी बुटांकडे बघत राहिले.

सल्ले देणाऱ्यांची कमी नव्हती. कुर्ल्याहून जुनं इंजिन आणून टाका, म्हणजे दोन दिवसांत मोकळे, असं एकजण म्हणाला. दुसऱ्याने खर्च ऐकून गाडी भंगारात काढायला सांगितलं. हिशेबाने दोघंही चूक नव्हते. पण भारतातल्या मर्सिडीजची जोडणी १९९५ मध्ये सुरू झाली ती इथून हाकेच्या अंतरावर, टेल्कोच्या पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यात. आणि पहिलं मॉडेल होतं ते हेच. शेजाऱ्यांच्या हट्टाला एवढा आधार पुरेसा होता.

हेड उतरवण्यात एक सकाळ गेली. दहा बोल्ट, बाहेरून आत, थोडे थोडे सैल करत. खाली बिडाचा ब्लॉक, वर ॲल्युमिनियमचं हेड. १०० अंश तापमान वाढलं, तर मीटरभर बीड साधारण १.१ मिलिमीटर वाढतं आणि ॲल्युमिनियम त्याच्या दुप्पट. एरवी हा फरक मधलं गॅस्केट पोटात घालतं. चार किलोमीटर कोरडं इंजिन चाललं की ते ताकदीबाहेर जातं. हेडला पसरायचं असतं, बोल्ट त्याला पसरू देत नाहीत, मग ते वाकतं.

मामांनी हेड पालथं घातलं, त्यावर पोलादी सरळपट्टी तिरकी ठेवली आणि पट्टीखालून फीलर गेजची पाती एकामागून एक सरकवली. ०.०५ गेलं. ०.१० गेलं. ०.२५ मधोमध अडकत अडकत गेलं, त्यापुढचं गेलं नाही. पाव मिलिमीटर, म्हणजे एका पोस्टकार्डाच्या जाडीची फट. मला ती पट्टीमागे बॅटरी धरल्यावर दिसली.

"आता फेस मारून घेतलं की झालं?" मी विचारलं. फेस मारणं म्हणजे मशीनवर हेडचा तळ घासून सपाट करणं.

"तेच करतात सगळे. खालून सपाट करून देतात. वरचं कोण बघतो?"

ती 'वरची' गोष्ट बघायलाच मी पुढचे शनिवार जात राहिलो. या इंजिनाचे दोन्ही कॅमशाफ्ट हेडमध्येच फिरतात. हेड केळ्यासारखं वाकलं, तर त्यांच्या बैठकीही वाकतात. मामांनी एक कॅमशाफ्ट पुसून ऑइल लावून बैठकीत ठेवला, कॅप बसवल्या आणि दोन बोटांनी फिरवून पाहिला. थोडा फिरला आणि अडला. "घ्या, तुम्ही फिरवा." माझ्या बोटांनाही ती अडखळ कळली. खालून कितीही घासलं असतं, तरी ती तशीच राहिली असती.

मग हेड मशीन शॉपवर गेलं. दोन्ही टोकांखाली पातळ चकत्या, मधोमध बोल्ट आवळून जाड प्लेटवर जखडलेलं, भट्टीत तापवून सावकाश गार केलेलं. त्याआधी हवेचा दाब देऊन गरम पाण्यात बुडवून बघितलं होतं. बुडबुडे आले नाहीत, म्हणजे तडा नव्हता. सरळ झाल्यावर अगदी थोडं घासलं. परत आलं त्या शनिवारी मामांनी आधी कॅमशाफ्टच ठेवला. या वेळी तो गुळगुळीत फिरला, सोडल्यावरही थोडा फिरत राहिला.

ब्लॉकचं काम तुलनेने सरळ होतं. ८९.९ मिलिमीटरच्या चार बोअरपैकी तिसऱ्यात उभे ओरखडे होते आणि रिंगांचा ताण उष्णतेने मेला होता. चारही बोअर मोठे करून नवे पिस्टन, नव्या रिंग. बोल्टही नवे, कारण हे बोल्ट आवळताना ताणले जातात, लांबतात. आधी टॉर्क पान्याने ठरलेला ताण, मग नव्वद अंश, पुन्हा नव्वद. प्रत्येक बोल्टच्या माथ्यावर मामा पांढरा ठिपका देत होते. वळण डोळ्यांना दिसावं म्हणून.

गाडी सुरू झाली तेव्हा शेजारी सीटवर बसून काट्याकडे टक लावून होते. मामा बॉनेटपाशी, हात वरच्या नव्या होज पाइपवर. पाइप गार होता. "थर्मोस्टॅट ८७ ला उघडतो," ते म्हणाले, "तोवर गारच पाहिजे." पंधराएक मिनिटांनी त्यांनी माझा हात ओढून पाइपवर ठेवला. रबर झपाट्याने तापत गेलं, इतकं की हात काढावा लागला.

शेजारी एक फेरी मारून आले. चेहरा फुललेला.

"मामा, चार किलोमीटर चालवली. काटा जागचा हलला नाही!"

"काटा राहू द्या," मामा हात पुसत म्हणाले, "थांबून पाणी बघितलं का?"