प्लॅटिनमच्या खाणींचा विस्तार

दक्षिण आफ्रिकेतील ज्या बुशवेल्ड खडकसमूहात १९२४ साली हान्स मेरेन्स्की या भूशास्त्रज्ञाने प्लॅटिनमयुक्त थराचा माग काढला, तेथूनच आजही जगाला लागणाऱ्या नव्या प्लॅटिनमचा सुमारे ७० टक्के हिस्सा येतो. परंतु टनभर खनिजातून जेमतेम काही ग्रॅम धातू हाती लागत असल्याने, कंपन्यांच्या विस्तारयोजनांची तुलना करताना खाणीचे स्वरूप ध्यानी घेणे अगत्याचे ठरते. नॉर्थॅम कंपनीच्या झोंडराइंडे खाणीत कामगारांना दोन किलोमीटरहून खोल उतरावे लागते, तर मोगलाक्वेना ही विस्तीर्ण उघडी खाण आहे. शिवाय विस्तार दुसरी कंपनी विकत घेऊनही होतो: इम्पाला कंपनीने २०२३ मध्ये रॉयल बाफोकेंग प्लॅटिनम ही कंपनी ताब्यात घेतली. अशा खरेदीने मालकाचे उत्पादन वाढते, जगाचे नव्हे, आणि हा भेद वाचकाने अवश्य जाणावा.