डाग मोठा, म्हणून उद्रेकही मोठा?

ऑक्टोबर २०१४मध्ये सूर्यावर १२१९२ क्रमांकाचा डागांचा समूह दिसला. १९९०नंतर एवढा मोठा समूह दिसला नव्हता. त्यातून ‘एक्स’ या सर्वांत तीव्र वर्गातल्या सहा सौरज्वाला भडकल्या, पण एकीबरोबरही प्लाझ्माचा लोट अवकाशात गेला नाही. डाग जेवढा मोठा तेवढा उद्रेक मोठा, हा समज इथेच कोलमडतो.

त्याच्या मुळाशी आणखी एक समज आहे: सूर्यावरचा उद्रेक म्हणजे आगीचा भडका. पण तिथे काही जळत नाही. उद्रेकाला ऊर्जा मिळते ती चुंबकीय क्षेत्रातून. सूर्याचं विषुववृत्त साधारण २५ दिवसांत एक फेरी पूर्ण करतं, ध्रुवांजवळच्या भागाला मात्र ३५च्या आसपास दिवस लागतात. सूर्याचा प्लाझ्मा विद्युतभारित कणांचा असल्यामुळे चुंबकीय बलरेषाही त्याच्यासोबत खेचल्या जातात, ताणल्या जातात, त्यांना पीळ बसतो. जिथे त्या पृष्ठभागातून कमानीसारख्या वर येतात, तिथे डाग दिसतात. डागांत प्रबळ चुंबकीय क्षेत्र असतं, हे जॉर्ज हेल यांनी १९०८मध्ये दाखवून दिलं. वर करोनामध्ये, म्हणजे सूर्याच्या बाह्य वातावरणात, विरुद्ध दिशांच्या रेषा एकमेकींना भिडल्या, की तुटून नव्याने जुळतात आणि साठलेली ऊर्जा काही मिनिटांत मोकळी होते.

१२१९२मध्येही ऊर्जा मोकळी झालीच, पण वर भक्कम चुंबकीय कमानींचं छत होतं. लोट आतच अडकला. उद्रेकाला बळ देणारं क्षेत्रच त्याला कोंडूनही ठेवतं, आणि मला या विषयातली ही सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते.

म्हणूनच ज्वाला आणि लोट एकच मानू नयेत. ज्वालेचा प्रकाश पृथ्वीवर आठ मिनिटांत पोहोचतो. लोटाला बहुधा एक ते तीन दिवस लागतात.

पृथ्वीकडे येणारा प्रत्येक लोट संकट असतो, हेही खरं नाही. त्याच्यातलं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलेलं असेल, तरच ते पृथ्वीच्या क्षेत्राशी सहज जुळतं आणि भूचुंबकीय वादळ उग्र होतं. मे २०२४च्या अशाच उग्र वादळात लडाखमधल्या हानले इथल्या आकाशातही लाली दिसली. लोटातल्या क्षेत्राची दिशा खात्रीने कळते ती लोट आपल्यापासून १५ लाख किलोमीटरवरच्या एल-१ बिंदूशी आल्यावर. आपलं ‘आदित्य-एल१’ यान तिथेच आहे. त्यावर पुण्याच्या ‘आयुका’ने उभारलेली अतिनील दुर्बीण आहे, तसंच ही दिशा मोजणारं चुंबकत्वमापकही आहे. पण वेगवान लोटाला तिथून पृथ्वी गाठायला तासभरही लागत नाही.